कोरड्या मातीचा दाखला : जमीन आरोग्य पत्रिका आणि उल्हास खोऱ्यातील भातजमिनी

जमिनीस 'आरोग्य' हा शब्द लावणे हे एक रूपक आहे, आणि शास्त्रात शिरलेले कोणतेही रूपक आपल्याबरोबर काही गृहीते घेऊन येते. आरोग्य म्हटले की परीक्षा आली, परीक्षा म्हटली की प्रमाण आले आणि प्रमाण म्हटले की ते कोणी, कोठे व कोणत्या स्थितीत ठरविले हा प्रश्न आलाच. राजस्थानातील सुरतगड येथे १९ फेब्रुवारी २०१५ रोजी केंद्र शासनाने आरंभ केलेल्या जमीन आरोग्य पत्रिकेच्या योजनेसंबंधी आजवर जे लेखन झाले, त्यात पत्रिका किती वाटल्या याची चर्चा विपुल आहे. तिच्यातील आकडे कशाचे आकडे आहेत, ही चर्चा त्या मानाने विरळ आहे. प्रस्तुत लेखात हा दुसराच प्रश्न ठाणे जिल्ह्यातील कात्रप व त्याच्या भोवतीच्या भातजमिनींच्या संदर्भात तपासावयाचा आहे.

प्रारंभीच एक गोष्ट मान्य केली पाहिजे. मातीचे परीक्षण ही पूर्वी मोजक्या बागायतदारांपुरती मर्यादित असलेली सोय सामान्य कोरडवाहू शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेण्याचे श्रेय या योजनेस आहे. सामू, क्षारता व सेंद्रिय कर्ब. नत्र, स्फुरद, पालाश व गंधक. जस्त, लोह, तांबे, मंगल व बोरॉन अशा बारा घटकांची नोंद एका कागदावर येते, हे लहान काम नव्हे. २०१५ ते २०१७ व २०१७ ते २०१९ अशी दोन आवर्तने झाली, आणि २०२२-२३ पासून ही योजना राष्ट्रीय कृषि विकास योजनेचा भाग झाली. एवढा विस्तार असलेल्या उपक्रमाची समीक्षा त्याच्या हेतूवर शंका घेऊन करणे योग्य होणार नाही. ती त्याच्या कसोट्या हाती घेऊनच केली पाहिजे.

१. कसोट्यांचे कुळ

पत्रिकेतील बहुतेक कसोट्यांचे मूळ समशीतोष्ण प्रदेशातील संशोधनात आहे. सेंद्रिय कर्ब मोजण्याची वॉल्कली व ब्लॅक यांची पद्धत १९३४ मध्ये इंग्लंडातील रोदॅमस्टेड येथे सिद्ध झाली. आम्ल जमिनीतील स्फुरदासाठी ब्रे व कुर्ट्झ यांची १९४५ ची पद्धत इलिनॉय राज्यातील, तर उदासीन व अल्कधर्मी जमिनीसाठी ओल्सेन यांची १९५४ ची पद्धत कोलोरॅडोतील. जस्त, लोह, तांबे व मंगल यांसाठी वापरली जाणारी लिंडसे व नॉरवेल यांची १९७८ ची पद्धतही कोलोरॅडोतीलच असून ती उदासीन व चुनखडीयुक्त जमिनींसाठी योजिली होती. उपलब्ध नत्राची सुब्बय्या व आसिजा यांची १९५६ ची पद्धत मात्र भारतीय आहे.

परदेशी उगम हा काही दोष नव्हे. रसायनशास्त्रास सरहद्द नसते. तथापि निष्कर्षकाने मातीतून अन्नद्रव्याचा जो अंश बाहेर काढला, तो पिकाच्या मुळास मिळणाऱ्या अंशाशी कोणत्या प्रमाणात जुळतो, हे प्रत्येक जमिनीत व प्रत्येक पिकावर स्वतंत्रपणे पडताळावे लागते. आकडा प्रयोगशाळा देते, परंतु त्यास अर्थ शेतातील पडताळणीमुळेच येतो. 'कमी, मध्यम, भरपूर' ही आपल्याकडील वर्गवारी १९५५-५६ मध्ये भारत-अमेरिका सहकार्यातून उभ्या राहिलेल्या माती परीक्षण प्रयोगशाळांच्या काळात रूढ झाली व १९६५ च्या मार्गदर्शिकेने ती स्थिर केली. उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोपेक्षा कमी असल्यास 'कमी', सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांखाली असल्यास 'कमी', ही मर्यादा गव्हाच्या शेतास व भाताच्या खाचरास सारखीच लावली जाते. येथेच पहिली शंका उद्भवते.

२. कात्रपची जमीन आणि तिचे वर्ष

कात्रप हे एके काळचे स्वतंत्र गाव आज कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीतील दाट वस्तीचा भाग झाले आहे. लोहमार्गाच्या ज्या अंगास कात्रप आहे त्या अंगास चंदेरी-माथेरानची डोंगररांग येते, तर विरुद्ध अंगास उल्हास नदीचे पात्र. डोंगरापासून नदीपर्यंतच्या या उतारावर जमिनीचे प्रकार पायऱ्यांप्रमाणे बदलत जातात. वर उथळ, मुरमाड वरकस. मध्ये बांधबंदिस्तीची खाचरे. खाली नदीकाठची खोल, चिकण मळई. मूळ खडक सर्वत्र बसाल्टच असला, तरी पावसाने वरच्या जमिनीतून धुऊन नेलेली द्रव्ये खालच्या जमिनीत साठत असल्याने एकाच शिवारातील दोन खाचरांचे रसायन सारखे राहत नाही. घरे वाढली तशी कात्रपची शेती आक्रसली. परंतु बदलापूर, वांगणी, नेरळ, कर्जत या पट्ट्यात आजही भात हेच खरिपाचे मुख्य पीक आहे, आणि कर्जत येथील भात संशोधन केंद्राने याच खोऱ्यात आपले काम चालविले आहे.

या जमिनीचे वर्ष दोन विरुद्ध ऋतूंत विभागलेले असते. जूनपर्यंत ती कोरडी, भेगाळलेली. पुढे सुमारे अडीच हजार मिलिमीटर पावसाचा बहुतेक भाग चार महिन्यांत कोसळतो. चिखलणी होते, लावणी होते, आणि भाताचे रोप तीन महिने पाण्याने भरलेल्या मातीत उभे राहते. कापणीनंतर उरलेल्या ओलीवर कोठे वाल, कोठे हरभरा. नंतर पुन्हा कोरड.

मातीचा नमुना केव्हा घ्यावा? पत्रिकेच्या मार्गदर्शनानुसार पीक काढल्यानंतर, शेत मोकळे असताना, पंधरा ते वीस सेंटिमीटर खोलीपर्यंतचा. नमुना घेताना बांधालगतची, झाडाखालची, खताच्या ढिगाजवळची व पाणथळ जागा टाळावी, असे नमुना घेणाऱ्यास शिकविले जाते. मग तो सावलीत वाळवावा, कुटावा व दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळावा. इतर पिकांच्या बाबतीत ही सर्व दक्षता रास्त आहे. भाताच्या बाबतीत मात्र तिचा परिणाम असा होतो की, ज्या अवस्थेत पीक प्रत्यक्ष वाढते, नेमकी तीच अवस्था परीक्षेतून वगळली जाते.

३. पाणी भरल्यावर काय घडते

जलमग्न मातीच्या रसायनाची मीमांसा फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतील पोन्नंपेरुमा यांनी १९७२ मधील आपल्या प्रसिद्ध प्रबंधात केली आहे. तिचे सार असे : खाचरात पाणी साचल्यावर मातीतील प्राणवायू एका-दोन दिवसांतच संपतो. मातीतील सूक्ष्मजीव मग श्वसनासाठी प्राणवायूऐवजी क्रमाने नायट्रेट, मंगल, लोह व शेवटी सल्फेट यांचा उपयोग करतात. या क्षपणक्रियेमुळे मातीचे रूप पालटते. आम्ल मातीचा सामू काही आठवड्यांत वर चढतो, अल्कधर्मी मातीचा खाली येतो, आणि दोन्ही उदासीनतेच्या जवळ येऊन स्थिरावतात. लोहाशी जखडलेला स्फुरद मोकळा होऊ लागतो. नायट्रेट वायुरूपाने निघून जाते व नत्र अमोनियमच्या रूपात टिकून राहते. जस्ताची उपलब्धता मात्र घटते.

हे ध्यानी घेऊन पत्रिकेचे रकाने पुन्हा वाचावेत. सामूच्या रकान्यात ५.९ असा आकडा आला, तर 'आम्ल' अशी नोंद होते, पण लावणीनंतर महिन्याभराने ती जमीन आम्ल राहिलेली नसते. स्फुरद 'कमी' आला, तरी पाण्याखाली त्याची उपलब्धता वाढणार आहे याची दखल पत्रिकेत नसते. जस्ताची मर्यादा किलोमागे ०.६ मिलिग्रॅम धरलेली आहे. कोरड्या नमुन्यात तिच्या किंचित वर असलेली जमीन 'पुरेशी' ठरते, आणि तीच जमीन चिखलणीनंतर जस्ताची उणीव दाखवू शकते. पंतनगर येथे नेने यांनी १९६६ मध्ये भातावरील 'खैरा' या विकाराचे कारण जस्ताची कमतरता असल्याचे दाखविले, तेव्हापासून हा धोका भारतीय कृषिशास्त्रास अपरिचित नाही. लोहाचे तर उलटेच. कोरड्या मातीतील लोह पुरेसे आहे एवढेच पत्रिका सांगते. डोंगराच्या पायथ्याशी झिरपण्याचे पाणी जेथे वर येते तेथील खाचरात तेच लोह विद्राव्य होऊन रोपास बाधक होऊ शकते, हे ती सांगू शकत नाही.

यावरून प्रयोगशाळेचे आकडे खोटे आहेत असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. आकडे खरे आहेत, पण ते वेगळ्या प्रश्नाची उत्तरे आहेत. उन्हाळ्यात ही माती कशी असते, असे विचारले तर पत्रिका अचूक उत्तर देते. श्रावणात ती कशी असेल, हे तिला कोणी विचारलेलेच नाही.

४. कर्बाचा आकडा आणि राबाची परंपरा

सेंद्रिय कर्बाच्या रकान्यास विशेष महत्त्व आहे, कारण अनेकदा त्याच्यावरूनच नत्राचाही अंदाज बांधला जातो. वॉल्कली-ब्लॅक पद्धतीत मातीतील कर्बाचे पूर्ण जारण होत नाही. सरासरीने सुमारे ७७ टक्के कर्ब मोजला जातो असे मानून आकड्यास १.३ ने गुणण्याची प्रथा आहे. हा गुणक सर्व जमिनींत सारखा नसतो, आणि कोळशाच्या रूपातील कर्ब तर या पद्धतीत फारच थोडा मोजला जातो.

कोकणातील भातजमिनींच्या दृष्टीने ही बाब उपेक्षणीय नाही. रोपांची जागा तयार करण्यासाठी तीवर शेण, टहाळ, गवत व पालापाचोळा पसरून भाजण्याची राबाची पद्धत ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत पिढ्यान् पिढ्या चालत आली. राबासाठी जंगलातून टहाळ तोडण्याचा हक्क हा रयत व वनखाते यांच्यातील मोठ्या वादाचा विषय होता. १८८७ मध्ये अहवाल देणाऱ्या मुंबई वन आयोगापुढे आलेल्या तक्रारींत त्यास प्रमुख स्थान होते. राबाने तण व किडीचे बी जळते, पालाश व स्फुरद राखेच्या रूपाने मिळतात, माती भुसभुशीत होते; शिवाय कोळशाचा अंशही मागे राहतो. ज्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या राब भाजला गेला तिच्या कर्बाचा हिशेब, कोळसा जवळजवळ न मोजणाऱ्या पद्धतीने करणे आणि त्यावरून तिला 'कमी' ठरविणे, हे तर्कास धरून नाही. राबामुळे जंगलाची हानी होते हा आक्षेप स्वतंत्र आहे व तो रास्तही आहे. पण मोजमापाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

५. एक नमुना, अनेक खाचरे

योजनेच्या रचनेनुसार कोरडवाहू क्षेत्रात दहा हेक्टरांस एक व बागायत क्षेत्रात अडीच हेक्टरांस एक नमुना घेतला जातो, आणि त्या चौकटीत येणाऱ्या सर्व शेतकऱ्यांस तेच आकडे मिळतात. विदर्भ-मराठवाड्याच्या सपाट काळ्या जमिनीत या सरासरीने फार बिघडत नसेल. उल्हास खोऱ्यातील उतारावर मात्र दहा हेक्टरांची चौकट वरकसापासून मळईपर्यंत सहज पसरू शकते. त्या सरासरीचा आकडा वरकसाचाही नसतो व मळईचाही नसतो. येथील धारणक्षेत्रे गुंठ्यांत मोजावी अशी असल्याने एका चौकटीत कितीतरी खातेदार सामावतात. 'आपल्या जमिनीची पत्रिका' म्हणून शेतकरी जो कागद जपून ठेवतो, त्यातील माती कदाचित दुसऱ्याच्याच बांधातली असते.

भर म्हणून नदीचाही विचार केला पाहिजे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत हे खोरे पाण्याखाली गेले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकून सुमारे एक हजार प्रवाशांची सुटका करावी लागली, तेव्हाही काठची शेते बुडाली. पूर कोठे गाळ आणतो, कोठे वरचा थर खरवडून नेतो. अशा वर्षानंतर आधीच्या आवर्तनातील पत्रिका हा त्या काठच्या जमिनीचा जुना इतिहास ठरतो.

६. जो रकाना नाही त्याविषयी

बदलापूर व अंबरनाथ येथील औद्योगिक क्षेत्रांत रासायनिक कारखाने मोठ्या संख्येने आहेत. अंबरनाथकडून उल्हासनगरमधून वाहत जाऊन उल्हासला मिळणाऱ्या वालधुनीची अवस्था सर्वविदित आहे, आणि उल्हास-वालधुनीच्या प्रदूषणासंबंधी राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने २०१५ मध्ये निर्णय दिला आहे. बदलापूरजवळची उल्हास वालधुनीच्या संगमाच्या वरच्या अंगास असल्याने तेथील पाण्याची स्थिती व संगमाखालील स्थिती एकच मानता येत नाही. यास्तव जमिनीच्या परीक्षेत हा भेद दिसावयास हवा. पत्रिकेत मात्र संगमाच्या वर व खाली तेच बारा रकाने आहेत, आणि कॅडमियम, शिसे, क्रोमियम वा पारा यांसाठी एकही नाही. तांबे व जस्त यांचे रकाने आहेत, पण ते उणीव शोधण्यासाठी आहेत. एखाद्या नाल्याकाठच्या शेतात जस्ताचा आकडा मर्यादेच्या पन्नासपट आला, तरी पत्रिकेच्या भाषेत ती जमीन 'पुरेशी'च ठरेल.

येथेही जलमग्नतेचा मुद्दा पुढे येतो. पाण्याखालील मातीत कॅडमियम गंधकाशी बद्ध होऊन राहते, परंतु कापणीपूर्वी खाचरातील पाणी काढल्यावर ते मोकळे होऊन दाण्यात जाऊ शकते. आर्सेनिकचे वर्तन याच्या उलट असते. म्हणजे मातीतील एकूण कॅडमियम मोजूनही दाण्यातील कॅडमियमचा निश्चित अंदाज करता येत नाही. जपानात जिन्झू नदीच्या काठी खाणीच्या कॅडमियममुळे उद्भवलेल्या 'इताई-इताई' रोगास १९६८ मध्ये शासकीय मान्यता मिळाली, आणि १९७० च्या शेतजमीन प्रदूषण प्रतिबंधक कायद्यात तेथील शासनाने भातजमिनीची कसोटी म्हणून तांदळातील कॅडमियमचे प्रमाणच घेतले. मातीच्या आरोग्याची परीक्षा पिकाच्या दाण्यात करण्याचा हा निर्णय तत्त्वतः महत्त्वाचा आहे. पीक ज्या मातीत प्रत्यक्ष उभे असते तिचा अखेरचा साक्षीदार दाणाच असतो.

७. आक्षेप आणि उत्तर

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, कोट्यवधी नमुन्यांच्या योजनेत प्रत्येक पिकासाठी निराळी पद्धत परवडणार नाही. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. भातजमिनीच्या नत्रासाठी वेअरिंग व ब्रेम्नर यांनी १९६४ मध्ये सुचविलेली पद्धत अशी : मातीचा नमुना पाण्याखाली बंद नळीत दोन आठवडे उबदार ठेवावयाचा व मुक्त झालेले अमोनियम मोजावयाचे. तिला महाग यंत्र लागत नाही, फक्त वेळ लागतो. आणि ती जो प्रश्न विचारते तो खाचराचाच प्रश्न असतो. प्रत्येक नमुन्यावर नाही, तरी प्रत्येक तालुक्यातील निवडक भातजमिनींवर तिचा अवलंब करून पत्रिकेच्या आकड्यांस जोडगुणक देता येईल. मृद् परीक्षा व पिकाचा प्रतिसाद यांची सांगड घालण्यासाठी राममूर्ती यांच्या पुढाकाराने १९६७ च्या सुमारास सुरू झालेली अखिल भारतीय योजना याच तत्त्वावर उभी आहे. म्हणजे ज्ञान येथे आहे. पत्रिकेपर्यंत ते पुरेसे पोहोचलेले नाही.

दुसरा आक्षेप असा की, खताची शिफारस ढोबळ असली तरी तिच्यामुळे नुकसान होत नाही. हे मान्य करता येत नाही. कोकणातील भातासाठी हेक्टरी १००:५०:५० किलो नत्र, स्फुरद व पालाश अशी शिफारस आहे. परीक्षेत नत्र 'कमी' आल्यास मात्रा चतुर्थांशाने वाढविण्याचा प्रघात आहे. म्हणजे आणखी २५ किलो नत्र, अर्थात सुमारे ५४ किलो युरिया. तो साचलेल्या पाण्यात फेकून दिला की त्याचा मोठा भाग अमोनिया होऊन उडतो किंवा वायुरूप नत्र होऊन जातो. शेतकऱ्याचा पैसा जातो, आणि उणीव होती तेथेच राहते.

याउलट याच कोकणात एक उदाहरण सिद्ध आहे. डॉ. नारायण सावंत यांनी प्रसृत केलेल्या चारसूत्री भातशेतीत रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख, चिखलणीत गिरिपुष्पाचा पाला, ठरावीक अंतरावरची नियंत्रित लावणी आणि चार चुडांच्या मध्यभागी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचलेली युरिया-डीएपीची ब्रिकेट ही सूत्रे आहेत. ब्रिकेट खोल का घालावयाची? तेथे प्राणवायू नसल्याने अमोनियम टिकून राहते म्हणून. राख का? भातास लागणारी सिलिका तिच्यात असते म्हणून. आणि सिलिकेचाही रकाना पत्रिकेत नाही. जलमग्न मातीचे रसायन समजून घेतले म्हणजे नत्राची मात्रा वाढविण्याऐवजी ते कोठे ठेवावे हा प्रश्न पुढे येतो, आणि तोच अधिक फलदायी ठरतो.

८. समारोप

वरील चर्चेतून तीन सूचना निष्पन्न होतात. भातजमिनींच्या पत्रिकेत 'कोरड्या अवस्थेतील' असा स्पष्ट उल्लेख असावा, आणि निवडक ठिकाणी जलमग्न अवस्थेतील नत्र, स्फुरद व जस्त यांची जोडनोंद व्हावी. उताराच्या प्रदेशात नमुन्याची चौकट हेक्टरांवरून न आखता वरकस, खाचर व मळई या लोकांस ठाऊक असलेल्या भेदांवरून आखावी. औद्योगिक क्षेत्रालगतच्या गावांत बारा रकान्यांखेरीज जड धातूंची नोंद व्हावी व तिची पडताळणी तांदळाच्या दाण्यात केली जावी.

कात्रपच्या आसपास उरलेली खाचरे दरवर्षी कमी होत आहेत. जमीन नापीक झाली, तिच्यात काही राहिले नाही, हे वाक्य तेथे जमीन विकण्याच्या कारणांत ऐकू येते, आणि 'कमी' हा शिक्का मारलेला कागद त्या वाक्यास शास्त्राचा आधार देतो. तो आधार देण्यापूर्वी शास्त्राने एवढे तरी तपासले पाहिजे की, जमिनीची परीक्षा ती पीक देत असताना घेतली होती की विश्रांती घेत असताना. या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत पत्रिकेतील 'कमी' हा शब्द भातजमिनीवरचा अखेरचा निर्णय म्हणून स्वीकारण्याचे कारण नाही.